समकालीकरण, अंकीय बिनतारी संदेशवहनातील

प्रेषकाने पाठविलेल्या रेडिओ तरंगाची कंप्रता व कला (तरंगाच्या आवर्तनातील त्या क्षणीची अवस्था) आणि त्यावर आरूढ केलेल्या अंकांच्या सीमा यांच्याशी ग्राहीतील आंदोलक व घड्याळ जुळवून घेण्याच्या क्रियेला समकालीकरण म्हणतात. ही जुळणी करण्यासाठी लागणाऱ्या राशी ग्राहीला आधी ठाऊक नसतात. हाती आलेल्या, गोंगाटाने दूषित झालेल्या संकेतावरूनच त्यांची मूल्ये त्याला ठरवावी लागतात. या क्रियेला प्रचल-आकलन असे नाव आहे (प्रचल म्हणजे ज्या राशीवर संकेताचे रूप अवलंबून असते, परंतु जी स्वतः संदेशाचा भाग नसते अशी राशी). भ्रमणध्वनी, उपग्रहाद्वारे होणारे दूरचित्रवाणी प्रक्षेपण, स्थाननिश्चितीची साधने किंवा दूरच्या ग्रहाकडे गेलेले अवकाशयान यांपैकी कोणत्याही व्यवस्थेत पहिला अंक वाचला जाण्यापूर्वी ही क्रिया पुरी व्हावी लागते. वापरणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही, आणि त्यामुळेच संदेशवहनावरील सर्वसाधारण लेखनात तिच्याकडे बरेचसे दुर्लक्ष झालेले आढळते.

गरज : एमील बोदो या फ्रेंच अभियंत्यांनी १८७४ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेल्या तारायंत्रात दोन्ही टोकांना फिरते वितरक असत व ते एकाच लयीत फिरत ठेवावे लागत. लय चुकली की एकाचे अक्षर दुसऱ्याच्या कागदावर उमटे. पुढे दूरमुद्रकात प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘प्रारंभ’ स्पंद व नंतर एक ‘विराम’ स्पंद पाठविण्याची युक्ती निघाली. तीमुळे दोन्ही यंत्रांची लय फक्त एका अक्षरापुरती जुळली तरी काम भागू लागले. बिनतारी अंकीय संदेशवहनात अडचण याहून पुष्कळ मोठी आहे. तेथे दोन यंत्रांमध्ये तार नसते, अंकांचा वेग सेकंदाला हजारो ते कोट्यवधी इतका असतो आणि अंक ज्या वाहक तरंगावर स्वार झालेले असतात त्याची कंप्रता अंकांच्या वेगाच्या पुष्कळ पट असते.

अडचणीचे मूळ असे की, कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. स्वस्त क्वॉर्ट्झ स्फटिकाच्या आंदोलकाची कंप्रता ठरलेल्या मूल्यापासून दशलक्षांशात २० भाग इतकी सहज ढळू शकते. मनगटी घड्याळात ही चूक दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास भरते, म्हणजे क्षम्य ठरते. तोच आंदोलक ९०० मेगॅहर्ट्झ वाहक तरंगासाठी वापरला, तर चूक १८,००० हर्ट्झ होते. याचा अर्थ ग्राहीच्या दृष्टीने येणाऱ्या तरंगाची कला सेकंदाला १८,००० फेरे घेत असते. ज्या पद्धतीत बिटाचे (द्विमान अंकाचे) मूल्य कलेवरून ओळखावयाचे असते तीत असा फिरता तरंग निरुपयोगी होय. यात डॉप्लर परिणामाची भर पडते. ताशी १०० किमी. वेगाने धावणाऱ्या गाडीतील ग्राहीला ९०० मेगॅहर्ट्झच्या तरंगात सु. ८३ हर्ट्झ फरक जाणवतो. अवकाशयानाच्या बाबतीत हा फरक दशसहस्र हर्ट्झच्या घरात जातो.

अज्ञात राशी : ग्राहीला शोधाव्या लागणाऱ्या राशी मुख्यतः अशा : वाहक कंप्रतेतील फरक, वाहक तरंगाची कला, एका चिन्हाची (एक वा अधिक बिटांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या तरंगखंडाची) सुरुवात व शेवट, चिन्हांचा वेग, चिन्हांच्या समूहाची म्हणजे चौकटीची सुरुवात, संकेताचा परमप्रसर आणि वाटेत झालेली प्रतिध्वनीसारखी विकृती. या राशी एकमेकींत गुंतलेल्या असतात. चिन्हांच्या सीमा माहीत असल्या तर कला शोधणे सोपे जाते आणि कला माहीत असली तर सीमा शोधणे सोपे जाते. दोन्ही अज्ञात असताना कोठून आरंभ करावा हा ग्राहीची रचना करणाऱ्यापुढील पहिला प्रश्न असतो.

यांतील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रेषक व ग्राही यांच्यात सापेक्ष गती असेल, तर डॉप्लर परिणाम केवळ वाहक कंप्रतेवर होतो असे नाही. संपूर्ण संकेतच काळाच्या अक्षावर आखडतो किंवा ताणला जातो. त्यामुळे चिन्हांचा वेगही त्याच प्रमाणात बदलतो. वाहक कंप्रता मोठी असल्याने तिच्यातील फरक नजरेत भरतो. चिन्हांच्या वेगातील फरक अल्प असल्याने तो विसरला जाण्याचा संभव असतो. तो विसरला गेला असता काय होते, याचे उदाहरण पुढे आले आहे.

सैद्धांतिक मर्यादा : गोंगाटयुक्त निरीक्षणांवरून अज्ञात राशीचे मूल्य ठरविण्याचा प्रश्न मूलतः सांख्यिकीचा आहे. सर्वमान्य तत्त्व असे की, ज्या मूल्यामुळे प्रत्यक्ष मिळालेला संकेत मिळण्याची संभाव्यता सर्वांत जास्त ठरते ते मूल्य स्वीकारावे. या तत्त्वावरून अनेक मंडलांच्या रचना निष्पन्न होतात. इतकेच नव्हे, तर पूर्वी केवळ कल्पकतेने बनविलेली कित्येक मंडले याच तत्त्वाची सोपी रूपे आहेत, असे मागाहून दिसून आले.

कितीही चतुराई केली तरी आकलनातील चूक एका मर्यादेखाली आणता येत नाही. ही मर्यादा भारतीय सांख्यिकीविज्ञ सी. आर. राव (१९२०–२०२३) यांनी कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या १९४५ सालच्या नियतकालिकातील लेखात दाखवून दिली. स्वीडनचे हाराल्ट क्रामेर यांनीही ती स्वतंत्रपणे मांडल्यामुळे ती क्रामेर-राव मर्यादा या नावाने ओळखली जाते. समकालीकरणाचे मंडल कितपत उत्तम आहे हे ठरविताना त्याची चूक या मर्यादेच्या किती जवळ आहे ते पाहण्याची प्रथा आहे. राव यांच्या लेखाचा रेडिओशी काही संबंध नव्हता. शुद्ध गणिताचा निष्कर्ष अभियंत्याच्या हाती मोजपट्टी म्हणून यावा, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

या मर्यादेवरून निघणारा एक निष्कर्ष व्यवहारात फार उपयोगी पडतो. कलेच्या आकलनातील प्रचरण (चुकीच्या वर्गाची सरासरी) निरीक्षणाच्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, पण कंप्रतेच्या आकलनातील प्रचरण त्या काळाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. निरीक्षणाचा काळ दुप्पट केला, तर पहिले निम्मे होते आणि दुसरे एक-अष्टमांश. अतिशय क्षीण संकेताचीही कंप्रता दीर्घ काळ ऐकून आश्चर्यकारक अचूकतेने ठरविता येते ती यामुळेच. मात्र तेवढ्या काळात ती कंप्रता स्थिर असावी किंवा तिच्या बदलण्याची रीत ठाऊक असावी लागते.

वाहक तरंगाशी जुळणी : यासाठी वापरण्यात येणारे मूलभूत साधन म्हणजे कलाबद्ध वलय होय. यात ग्राहीतील आंदोलकाची कला येणाऱ्या तरंगाच्या कलेशी सतत ताडून पाहिली जाते, दोहोंतील फरक एका छानकातून गाळून घेतला जातो आणि त्या गाळलेल्या फरकाने आंदोलकाची कंप्रता कमीजास्त केली जाते. आंदोलक मागे पडला तर ढकलला जातो, पुढे गेला तर रोखला जातो. फ्रेंच अभियंते आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये ही कल्पना रेडिओ ग्राहीसाठी मांडली.

अंकीय संदेशवहनात एक निराळीच अडचण येते. ० व १ हे अंक तरंगाची कला १८० अंशांनी उलटवून दर्शविले, तर सरासरीने पाहता वाहक तरंग संकेतातून नाहीसाच होतो आणि वलयाला पकडण्यासाठी काही उरत नाही. यावर अमेरिकन अभियंते जॉन पी. कोस्टास यांनी १९५६ मध्ये उपाय सुचविला. त्यांच्या मंडलात येणारा तरंग परस्परांत ९० अंशांचे अंतर असलेल्या दोन स्थानिक तरंगांशी गुणला जातो आणि दोन्ही शाखांतील फलांचा पुन्हा गुणाकार करून नियंत्रण-संकेत मिळविला जातो. या दुसऱ्या गुणाकारात अंकाचे धन-ऋण चिन्ह दोनदा येऊन निघून जाते व केवळ कलेतील फरक उरतो. मात्र अंकाचे चिन्ह पुसले गेल्यामुळे तरंग सुलट आहे की उलट, हे मंडलाला कळेनासे होते. जुळणी उलट झाल्यास संदेशातील प्रत्येक ० चा १ व प्रत्येक १ चा ० होतो. म्हणून माहिती अंकाच्या मूल्यात न ठेवता आधीच्या अंकापासून झालेल्या बदलात ठेवतात किंवा ठाऊक असलेला शब्द अधूनमधून पाठवून उलटसुलट ठरवितात.

चिन्हांच्या सीमा : चिन्ह वाचण्यास सर्वांत योग्य क्षण त्याच्या मध्याजवळ असतो, सीमेजवळ वाचल्यास शेजारच्या चिन्हाची मिसळ होते. योग्य क्षण शोधण्याची एक जुनी व सुटसुटीत रीत अशी : अपेक्षित क्षणाच्या किंचित आधी एक आणि तितकीच नंतर एक अशी दोन मापे घ्यावयाची. दोन्ही सारखी आली तर घड्याळ बरोबर आहे, पहिले मोठे आले तर ते उशिरा चालले आहे आणि दुसरे मोठे आले तर ते घाईत आहे. अंकीय संगणनाच्या सोयीने बनविलेल्या रीतींत के. एच. म्यूलर व एम. म्यूलर यांची (१९७६) व फ्लॉइड गार्डनर यांची (१९८६) या विशेष प्रचारात आल्या. गार्डनर यांच्या रीतीचा गुण असा की, वाहक तरंगाची कला जुळण्यापूर्वीही ती चालते. आरंभ कोठून करावा या वर उल्लेखिलेल्या प्रश्नाचे ते एक व्यवहार्य उत्तर आहे.

या सर्व रीतींना चिन्हांतील बदलांवर विसंबावे लागते. लागोपाठ शंभर शून्ये आली, तर सीमा कोठे आहे याचा पुरावाच संकेतात राहत नाही व घड्याळ हळूहळू वाहवत जाते. म्हणून प्रेषणापूर्वी अंकांची ठरावीक नियमाने सरमिसळ करण्याची पद्धत आहे.

वलयाचा पट्टा किती रुंद ठेवावा, हा या विषयातील कायमचा तिढा आहे. पट्टा अरुंद ठेवला तर गोंगाट चांगला गाळला जातो, पण वलय मंद होते आणि संकेतातील खऱ्या बदलांचा पाठलाग करू शकत नाही. तो रुंद ठेवला तर वलय चपळ होते, पण गोंगाटाच्या प्रत्येक धक्क्याने हलते. वलय अखेर सुटले, तर घड्याळ एक संपूर्ण चिन्ह मागे वा पुढे घसरते. अशी घसरण एका चिन्हाचीच असली तरी तिच्यापुढील संपूर्ण चौकट चुकीची वाचली जाते.

चौकटीची सुरुवात : चिन्हांच्या सीमा सापडल्या तरी पहिले चिन्ह कोणते हा प्रश्न उरतोच. त्यासाठी प्रत्येक चौकटीच्या आरंभी एक ठाऊक अंकश्रेणी पाठवितात व ग्राही येणाऱ्या अंकांशी तिचा सहसंबंध (दोन श्रेणी किती जुळतात याचे माप) सतत मोजत राहतो. श्रेणी अशी हवी की, ती स्वतःवर अचूक बसली असताना सहसंबंध मोठा यावा आणि एका घराने जरी सरकली तरी तो जवळजवळ नाहीसा व्हावा. आर. एच. बार्कर यांनी १९५३ मध्ये अशा श्रेणी प्रसिद्ध केल्या. त्यांतील १३ घरांच्या श्रेणीचा सहसंबंध नेमका बसल्यावर १३ येतो. अन्यत्र तो १ पेक्षा अधिक होत नाही. तेरांहून लांब बार्कर श्रेणी आजवर सापडलेली नाही. ११ घरांची श्रेणी १९९७ मध्ये ठरविण्यात आलेल्या बिनतारी संगणक-जालाच्या पहिल्या मानकात वापरली गेली.

भ्रमणध्वनीतील योजना : १९९१ पासून वापरात आलेल्या जीएसएम या भ्रमणध्वनी पद्धतीत वरील सर्व क्रिया एकत्र पाहावयास मिळतात. तीत बिटांचा वेग सेकंदाला सु. २,७०,८३३ असून एक बिट ३·६९ मायक्रोसेकंद टिकतो. एकाच वाहक तरंगावर आठ दूरध्वनी पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची असते. दूरध्वनी सुरू केल्याबरोबर त्याच्या स्वस्त स्फटिकाची चूक हजारो हर्ट्झ असू शकते. वर दिलेले १८,००० हर्ट्झचे उदाहरण घेतले, तर एका बिटाच्या काळात कला सु. २४ अंशांनी फिरते; म्हणजे चार बिटांत ती जवळजवळ काटकोनातून वळलेली असते.

यावर योजलेला उपाय साधा आहे. प्रत्येक केंद्र ठराविक अंतराने एक पूर्ण पाळी केवळ शून्ये पाठविण्यात खर्च करते. या पद्धतीतील विरूपणाच्या (वाहक तरंगावर संदेश आरूढ करण्याच्या) रीतीमुळे सलग शून्यांचा परिणाम वाहक कंप्रतेपेक्षा सु. ६७·७ किलोहर्ट्झने वर असलेला एक शुद्ध सूर असा होतो. दूरध्वनी हा सूर शोधतो, त्याच्यावरून आपला आंदोलक दुरुस्त करतो, मग त्यानंतर येणाऱ्या खास पाळीतील ६४ बिटांच्या ठाऊक श्रेणीवरून बिटांच्या सीमा व चौकटीची सुरुवात शोधतो. केंद्राचा आंदोलक दशलक्षांशात ०·०५ भागापर्यंत अचूक असावा लागतो; दूरध्वनीने त्याच्या मागोमाग ०·१ भागाच्या आत चालावे अशी अट आहे. अचूकतेचा खर्च एकट्या केंद्रावर टाकून लक्षावधी हातांतील यंत्रे स्वस्त ठेवणे, हे या योजनेतील शहाणपण होय.

परंतु दूरध्वनीने केंद्राशी आपले घड्याळ जुळविले तरी काम संपत नाही. केंद्राचा तरंग १० किमी. अंतरावरील दूरध्वनीला ३३ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. दूरध्वनीने त्याबरहुकूम आपल्या पाळीत उत्तर दिले, तर ते केंद्राला आणखी ३३ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे एकूण ६७ मायक्रोसेकंदांच्या विलंबाने मिळते. दोन पाळ्यांमध्ये मोकळी जागा मात्र सु. ३० मायक्रोसेकंदांचीच ठेवलेली असते. तेव्हा हे उत्तर पुढच्या माणसाच्या बोलण्यावर जाऊन आदळेल. म्हणून पहिल्या वेळी दूरध्वनी मुद्दाम आखूड संदेश पाठवितो, केंद्र त्याचा विलंब मोजते आणि ‘इतके बिट आधी बोलावे’ अशी आज्ञा देते. ही आगाऊ सूट ० पासून ६३ बिटांपर्यंत देता येते. एक बिट म्हणजे अंतरात सु. ५५० मी., तेव्हा ६३ बिटांना सु. ३५ किमी. होतात. केंद्रापासून यापलीकडे तरंग कितीही स्वच्छ ऐकू आला, तरी नेहमीच्या रचनेत बोलता येत नाही. केंद्राच्या क्षेत्राची ही सीमा तरंगाच्या शक्तीने आखलेली नसून वेळेच्या हिशेबाने आखलेली आहे.

याखेरीज इमारती व डोंगर यांवरून परावर्तित झालेले तरंग मूळ तरंगात मिसळतात. ही विकृती मोजण्यासाठी प्रत्येक पाळीच्या मध्यभागी २६ ठाऊक बिट ठेवलेले असतात. ते आरंभी न ठेवता मध्ये ठेवण्याचे कारण असे की, विकृती क्षणोक्षणी बदलते आणि मध्यापासून दोन्ही टोके सारखीच जवळ असतात. पाळीतील १४८ बिटांपैकी हे २६ बिट बोलणाऱ्याचा एकही शब्द वाहून नेत नाहीत. बोललेले कळावे एवढ्यासाठी दिलेले हे मोल होय.

नंतरच्या पद्धतींत अंक अनेक निकट उपवाहक तरंगांवर विभागून पाठवितात. चौथ्या पिढीच्या एलटीई पद्धतीत दोन उपवाहकांतील अंतर १५ किलोहर्ट्झ असते. कंप्रता थोडी जरी ढळली तरी प्रत्येक उपवाहक शेजाऱ्यात मिसळू लागतो. त्यामुळे कंप्रतेचे आकलन येथे अधिकच नाजूक झाले आहे. जुळणीसाठी झॅडॉफ-चू या नावाच्या श्रेणी दर ५ मिलिसेकंदांनी पाठविल्या जातात. उलटपक्षी प्रत्येक चिन्हाच्या शेवटचा थोडा भाग त्याच्या आरंभी पुन्हा जोडलेला असल्यामुळे चिन्हाच्या सीमेतील अल्पशी चूक निरुपद्रवी ठरते.

हायगेन्स अन्वेषकाचे उदाहरण : समकालीकरणातील एका राशीचा विसर किती महागात पडू शकतो याचे सर्वांत बोधक उदाहरण अवकाश संशोधनातील आहे. शनीच्या टायटन या उपग्रहावर उतरण्यासाठी यूरोपीय अवकाश संस्थेने बनविलेला हायगेन्स हा अन्वेषक अमेरिकेच्या कॅसिनी यानाबरोबर १५ ऑक्टोबर १९९७ रोजी रवाना झाला. (ज्यांचे नाव त्याला दिले त्या क्रिस्तीआन हायगेन्स यांनी १६५५ मध्ये टायटनचा शोध लावला आणि १६६५ मध्ये एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकाची घड्याळे आपोआप एका लयीत येतात असे पाहिले. समकालीकरणाचा हा बहुधा पहिला नोंदलेला प्रयोग असल्यामुळे पुढील हकीकतीत हे नाव यावे हा एक योगायोगच म्हणावा लागेल.) अन्वेषक टायटनच्या वातावरणातून हवाई छत्रीने उतरत असताना त्याचे संदेश वरून जाणाऱ्या कॅसिनीने ऐकावयाचे व साठवून नंतर पृथ्वीकडे धाडावयाचे, अशी योजना होती. सु. २,०४० व २,०९८ मेगॅहर्ट्झ अशा दोन मार्गांवर प्रत्येकी सेकंदाला ८,१९२ बिट येणार होते.

मूळ योजनेप्रमाणे दोन्ही यानांची सापेक्ष गती सेकंदाला सु. ५·५ किमी. असणार होती. तीमुळे वाहक कंप्रतेत सु. ३८ किलोहर्ट्झचा फरक पडणार, हे रचनाकारांना ठाऊक होते व ग्राहीत त्याची सोय होती. परंतु त्याच प्रमाणात, म्हणजे दशलक्षांशात सु. १८ भागांनी, बिटांचा वेगही बदलणार होता. हा फरक सेकंदाला जेमतेम ०·१५ बिट इतका होता. दिसावयास तो नगण्य आहे, पण घड्याळाने त्याचा पाठलाग केला नाही तर दर सहा-सात सेकंदांनी ते एक पूर्ण बिट घसरते. कॅसिनीवरील ग्राहीच्या बिट-जुळणी वलयाचा पट्टा या फरकाच्या मानाने फार अरुंद ठेवला गेला होता. तो ठरविणारी मूल्ये ग्राहीतच कायम केलेली असल्याने उड्डाणानंतर बदलता येण्यासारखी नव्हती.

उड्डाणापूर्वी संपूर्ण संकेतावर डॉप्लर परिणाम लादून चाचणी झालेली नव्हती. ही चाचणी उड्डाणानंतर व्हावी असा आग्रह यूरोपीय अवकाश संस्थेतील स्वीडिश अभियंते बोरिस स्मेड्स यांनी धरला. फेब्रुवारी २००० मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथील आकाशकावरून कॅसिनीकडे असा कृत्रिम संकेत पाठविण्यात आला, की ज्यात वाहक कंप्रता व बिटांचा वेग ही दोन्ही खऱ्या उतरणीप्रमाणे बदललेली होती. कॅसिनीने वाहक तरंग नीट पकडला, पण परत आलेली माहिती तुटक निघाली. पुढील तपासात असे दिसले की, संकेताची तीव्रता आणि बिटांत बदल होण्याचे प्रमाण यांनुसार माहितीचा नाश कमीअधिक होतो, आणि मूळ योजनेप्रमाणे गेल्यास पुष्कळशी माहिती गमवावी लागेल. अनेक वर्षांचे परिश्रम एका छानकाच्या रुंदीवर येऊन ठेपले होते.

ग्राही दुरुस्त करता येत नव्हता, तेव्हा २००१ मध्ये प्रवासाचा मार्गच दुरुस्त करण्याचे ठरले. कॅसिनीने टायटनपासून सु. १,२०० किमी. वरून जाण्याऐवजी सु. ६०,००० किमी. दुरून जावे, म्हणजे त्याच्या गतीचा मोठा भाग दृष्टिरेषेला आडवा राहील आणि डॉप्लर फरक ग्राहीच्या आवाक्यात येईल, असा हिशेब करण्यात आला. अन्वेषकातील साधने चार तास आधी सुरू करून त्याचा आंदोलक तापवून घेण्याचेही ठरले, कारण तपमानाने होणारा कंप्रतेतील किंचित बदल या ठिकाणी अनुकूल होता. त्यामुळे उतरण्याचा दिवस नोव्हेंबर २००४ वरून १४ जानेवारी २००५ वर गेला. त्या दिवशी अन्वेषक सु. अडीच तास उतरत होता व जमिनीवर टेकल्यावरही त्याचे संदेश कॅसिनीला ७२ मिनिटे मिळत राहिले. बिटांची जुळणी शेवटपर्यंत टिकली.

पृथ्वीवरून ऐकलेला वाहक तरंग : मात्र दोन मार्गांपैकी एकाची माहिती मिळालीच नाही. त्या मार्गावरील ग्राहीचा अतिस्थिर आंदोलक सुरू करण्याची आज्ञा कॅसिनीला दिलेल्या आज्ञावलीत राहून गेली होती. सु. ७०० चित्रांपैकी ३५० च्या आसपासच हाती आली. टायटनवरील वाऱ्यांचा वेग मोजण्याचा प्रयोग तर पूर्णपणे याच मार्गावर अवलंबून होता. वारा अन्वेषकाला ढकलील तशी त्याच्या वाहक तरंगाची कंप्रता बदलेल आणि रुबिडियम आंदोलकाशी ताडून तो बदल कॅसिनीवर मोजता येईल, अशी त्याची कल्पना होती.

या प्रयोगाला पृथ्वीवरील रेडिओ दूरदर्शकांनी वाचविले. टायटन सु. १२० कोटी किमी. दूर होता व अन्वेषकाच्या प्रेषकाची शक्ती सु. १० वॉट होती. इतक्या अंतरावरून सेकंदाला ८,१९२ बिट वाचण्याइतकी ऊर्जा मिळणे शक्य नव्हते. परंतु अंक वाचणे निराळे आणि कंप्रता ठरविणे निराळे. प्रत्येक बिटासाठी निर्णय सेकंदाच्या आठ-हजारांश काळात घ्यावा लागतो. उलट हळूहळू बदलणारी कंप्रता ठरविण्यासाठी ग्राहीला पट्टा काही हर्ट्झपर्यंत अरुंद करून दीर्घ काळ ऐकता येते. अमेरिकेतील ग्रीन बँक येथील १०० मी. व्यासाच्या व ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील ६४ मी. व्यासाच्या दूरदर्शकांनी हा वाहक तरंग पकडला. पार्क्सला तर कॅसिनी अन्वेषकाच्या क्षितिजाखाली गेल्यानंतरही तो ऐकू येत होता. त्याच्या कंप्रतेतून पृथ्वीचे परिवलन, टायटनचे भ्रमण इत्यादींचे ज्ञात परिणाम वजा केल्यावर उरलेल्या फरकावरून असे आढळले की, टायटनवरील वारे सामान्यतः त्याच्या परिवलनाच्या दिशेने वाहतात आणि सु. १२० किमी. उंचीवर त्यांचा वेग सेकंदाला १२० मी.च्या आसपास असतो. अंकांची जुळणी होऊ न देणारा तोच डॉप्लर फरक येथे मोजमापाचा विषय झाला होता. ग्राहीला जी राशी वजा करून टाकावयाची असते तीच निरीक्षकाला हवी असते, हे प्रचल-आकलनाचे दुसरे अंग होय.

याच तत्त्वाचा उपयोग महाराष्ट्रातही झाला आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकात ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी यूरोपीय अवकाश संस्थेचा स्क्यापारेल्ली हा अन्वेषक मंगळावर उतरत असताना त्याचा सु. ४०१ मेगॅहर्ट्झचा क्षीण वाहक तरंग येथे ऐकण्यात आला. संदेशातील अंक वाचण्याचा येथेही प्रश्न नव्हता. तरंगाचे अस्तित्व व त्याच्या कंप्रतेतील बदल यांवरून उतरणीचे टप्पे जवळजवळ घडत असतानाच, केवळ प्रकाशाच्या प्रवासाइतक्या विलंबाने, पाहता येत होते. उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी तो तरंग थांबला. अन्वेषक मंगळाच्या पृष्ठभागावर आदळून नष्ट झाल्याचे नंतर कक्षेतील यानाने घेतलेल्या छायाचित्रांवरून निश्चित झाले.